घेतलं का नाही घेतलं?
(नीड-ब्लाइंड प्रवेश आणि आर्थिक मदत : एक शिकवणी)

मंडळी, हा लेख थोडी शिकवणी आहे आणि थोडी कबुली. आधी कबुली देतो, म्हणजे शिकवणी कशासाठी ते कळेल.

मी सेकंड इयरला असताना माझ्या रूममेटची धाकटी बहीण अकरावीत होती. गणितात एकदम तयार. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्या गावी गेलो होतो, तेव्हा तिने विचारलं, "दादा, अमेरिकेत पैसे नाहीत म्हणून कुणाला नाकारत नाहीत म्हणे, खरंय का?" मी कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून त्या विषयावर जेमतेम अर्धं पान वाचलेलं. पण हॉस्टेलवाल्याला 'माहीत नाही' म्हणणं जड जातं. मी छाती फुगवून सांगितलं, "अगं, तिथे नीड-ब्लाइंड असतं. पैशाचं बघतच नाहीत. बिनधास्त फॉर्म भर!"

तिने भरले. पुढचं वर्षभर एस.ए.टी.चा अभ्यास, निबंध, शाळेतल्या सरांची शिफारसपत्रं. आर्थिक माहितीचा फॉर्म आम्ही तिघांनी मिळून भरला. वडिलांचं गावातलं किराणा दुकान आणि दोन एकर कोरडवाहू जमीन यांची 'आजची किंमत' काय लिहायची, यावरच एक अख्खी रात्र गेली. मार्च महिन्याच्या शेवटी एका कॉलेजचं पत्र आलं. "अभिनंदन! तुमची निवड झाली आहे." घरात पेढे वाटले गेले. मला फोन आला, मीही मेसमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं.

मदतीचा आकडा दुसऱ्या पानावर होता. वर्षाचा एकूण खर्च सुमारे ८०,००० डॉलर. कॉलेजची मदत ३८,०००. उरलेले ४२,००० डॉलर घरून. डॉलरला ८५ रुपये धरले तरी वर्षाला ३५ लाखांच्या वर, आणि अशी चार वर्षं!

तिच्या बाबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "म्हणजे घेतलं का नाही घेतलं?"

मला उत्तर देता आलं नाही. तोवर तिचा सी.ई.टी.चा अभ्यास अर्धवट राहिला होता आणि परीक्षा काही आठवड्यांवर आली होती. त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी नंतर जे वाचलं, ते इथे मांडतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांची धाकटी भावंडं आज हेच स्वप्न बघतायत, आणि सल्ला आपल्यालाच विचारणार आहेत.

फंडा क्रमांक १ : ही दोन वेगळी आश्वासनं आहेत

माझी चूक एका वाक्यात सांगायची तर, मी दोन आश्वासनं एकच समजलो.

पहिलं आश्वासन प्रवेशाचं. 'नीड-ब्लाइंड' म्हणजे अर्जदाराला फी झेपेल की नाही, मदत लागणार आहे की नाही, हे न बघता निवड करायची. निवड करणाऱ्यांनी अर्जदाराच्या खिशापुरती डोळ्यांवर पट्टी बांधायची. याच्या उलट पद्धतीला 'नीड-अवेअर' म्हणतात. तिथे काही जागांसाठी तरी 'याला किती मदत द्यावी लागेल' हे बघून हो किंवा नाही ठरतं.

दुसरं आश्वासन पैशाचं. 'आम्ही ज्याला घेऊ त्याची पूर्ण गरज भागवू', असं काही कॉलेजं सांगतात. इंग्रजीत याला 'फुल नीड' भागवणं म्हणतात. बाकीची सांगत नाहीत.

पट्टी बांधणारा पैसे देईलच असं नाही, आणि पैसे देणारा पट्टी बांधेलच असं नाही. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरात करतो तसं ट्रुथ टेबल मांडलं, की चित्र स्पष्ट होतं. पहिला बिट पट्टीचा, दुसरा पूर्ण मदतीचा.

० ० : पट्टी नाही, पूर्ण मदतही नाही. अशी कॉलेजं पुष्कळ आहेत.
० १ : पट्टी नाही, पण ज्याला घेतलं त्याला पूर्ण मदत. इथे गरजू मुलाला दार अरुंद, पण आत गेलात की निभावतं.
१ ० : पट्टी आहे, पण पूर्ण मदत नाही. दार सताड उघडं, पुढे जिन्याच्या पायऱ्याच कमी. आमचं पत्र याच ओळीतलं होतं.
१ १ : पट्टीही आहे आणि पूर्ण मदतही आहे. 'पैसे नाहीत म्हणून कुणाला नाकारत नाहीत' हे वाक्य फक्त या एका ओळीसाठी पूर्ण खरं आहे.

तिसऱ्या ओळीतल्या प्रकाराला तिकडची मंडळी 'अ‍ॅडमिट-डिनाय' म्हणतात. एका हाताने घ्यायचं, दुसऱ्या हाताने परत पाठवायचं. कागदावर नकार कुणीच देत नाही. नकार विद्यार्थ्याला स्वतःच्या तोंडाने कळवावा लागतो.

अजून एक बारीक अट आहे. ही पट्टी सगळ्यांसाठी एकसारखी नसते. अमेरिकन नागरिकांसाठी नीड-ब्लाइंड असलेली बरीच कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांसाठी नीड-अवेअर असतात. परदेशी मुलांसाठीही दोन्ही बिट '१' ठेवणाऱ्यांत हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम.आय.टी. (बोस्टनशेजारच्या केंब्रिजमधलं, आपल्या पुण्यातलं नव्हे!) आणि अ‍ॅमहर्स्ट ही जुनी नावं. २०२२ मध्ये डार्टमथ आणि बोडोइन यांनी तशी घोषणा केली. ब्राऊनने २०२५ मध्ये दाखल होणाऱ्या बॅचपासून ते लागू केलं. आणखी काही मोजकी आहेत, पण यादी लहानच. आणि या प्रत्येक ठिकाणी प्रवेश मिळवणं किती कठीण, ते वेगळं सांगायला नको.

फंडा क्रमांक २ : 'गरज' कोण ठरवतं?

'पूर्ण गरज भागवू' या वाक्यातला 'गरज' हा शब्द आपल्या बोलीतला नाही, हिशोबाचा आहे. त्याचं सूत्र असं :

गरज = एकूण खर्च – कुटुंबाचा वाटा

एकूण खर्चात फी, हॉस्टेल, मेस, पुस्तकं, वरखर्च आणि साधारणपणे घरी येण्याजाण्याचा खर्चही धरतात. कुटुंबाचा वाटा मात्र घरच्यांना 'झेपेल' असं वाटतं तेवढा नसतो, कॉलेजचं सूत्र सांगेल तेवढा असतो. अमेरिकन विद्यार्थी त्यासाठी 'फॅफ्सा' नावाचा सरकारी फॉर्म भरतात. बरीच खासगी कॉलेजं शिवाय 'सी.एस.एस. प्रोफाइल' मागतात आणि परदेशी विद्यार्थ्यांनाही बहुधा हाच फॉर्म भरावा लागतो. त्यात उत्पन्न, बचत, घर, धंदा, शेतजमीन, शिकणारी भावंडं असं सगळं येतं. आम्ही जी रात्र जागवली ती यावरच. शेतजमिनीची कागदावरची किंमत मोठी दिसते आणि ती विकून फी भरणं म्हणजे घराचं पोट विकणं, हे सूत्राला आपोआप कळत नाही. पत्र लिहून समजावून सांगावं लागतं, आणि तसं सांगायची सोय असते.

गरजेचा आकडा निघाला की मदतीचं 'पॅकेज' बनतं. त्यात साधारण तीन गोष्टी असतात.

(अ) ग्रँट, म्हणजे परत न करायचे पैसे. अमेरिकन सरकारची पेल ग्रँट २०२४-२५ मध्ये जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती, पण ती तिथले नागरिक आणि काही पात्र रहिवासी यांनाच मिळते. आपल्याकडच्या मुलाला जे काही मिळेल ते मुख्यतः कॉलेजच्या स्वतःच्या तिजोरीतून.
(ब) कॅम्पसवर नोकरी. लायब्ररीत, मेसमध्ये, लॅबमध्ये. परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा.
(क) कर्ज.

आता सोडवलेलं उदाहरण घेऊ. (आकडे समजण्यासाठी आहेत.)

एकूण खर्च ८०,००० डॉलर, कुटुंबाचा वाटा ३,०००. म्हणून गरज ७७,०००.
कॉलेज 'क' : ग्रँट ७४,०००, नोकरी ३,०००. गरज पूर्ण.
कॉलेज 'ख' : ग्रँट ६०,०००, नोकरी ३,०००, कर्ज १४,०००. कागदावर हीसुद्धा 'पूर्ण गरज'! पण चार वर्षांनी डोक्यावर ५६,००० डॉलर.
कॉलेज 'ग' : ग्रँट ३८,०००, नोकरी ३,०००. उरलेले ३६,००० तुमचे तुम्ही बघा. याला तिकडे 'गॅप' म्हणतात.

तिन्ही कॉलेजं नीड-ब्लाइंड असू शकतात. प्रवेशाची तिन्ही पत्रं पहिल्या पानावर सारखीच दिसतील.

'ख'मधल्या कर्जाचा प्रश्न लक्षात घेऊन प्रिन्स्टनने २००१ मध्ये मदतीच्या पॅकेजमधून कर्ज काढून टाकलं आणि त्या जागी ग्रँट द्यायला सुरुवात केली. असं करणारं ते पहिलं मोठं विद्यापीठ. २००४ मध्ये हार्वर्डने ४०,००० डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरांकडून काहीच घ्यायचं नाही असं ठरवलं. ही मर्यादा वाढत वाढत २०२५-२६ साठी १ लाख डॉलरवर आली. एम.आय.टी.नेही २०२५ च्या बॅचपासून तेवढीच मर्यादा जाहीर केली. आपल्याकडच्या बहुतेक घरांचं उत्पन्न या रेषेच्या किती खाली आहे, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

फंडा क्रमांक ३ : पट्टी महाग पडते

मग सगळीच कॉलेजं १ १ का होत नाहीत? मनात पाप आहे म्हणून? काही ठिकाणी असेलही, पण मुख्य कारण साधं गणित आहे.

समजा, एक कॉलेज दरवर्षी ५०० मुलं घेतं. त्यातल्या २५० जणांना सरासरी ५०,००० डॉलरची ग्रँट लागते. खर्च १ कोटी २५ लाख. पुढच्या वर्षी पट्टी बांधून निवडलेल्या ५०० मध्ये गरजू ३०० निघाले. खर्च दीड कोटी. म्हणजे २५ लाख जास्त, आणि ही बॅच चार वर्षं राहणार, म्हणजे एका बॅचमागे १ कोटी डॉलर जास्त. प्रवेश देणाऱ्यांनी खिसा बघायचा नाही आणि मदत देणाऱ्यांनी पूर्ण गरज भागवायची, असं दोन्ही ठरवलं की या खर्चावर कुणाचाच हात राहत नाही. कंट्रोल सिस्टिम्सवाल्यांच्या भाषेत ही ओपन लूप! ती चालवायला मागे मोठा साठा लागतो. हार्वर्डचा देणगीनिधी २०२४ मध्ये ५,००० कोटी डॉलरच्या वर होता. सगळ्यांकडे तसा कुठून असणार?

साठा कमी पडला की दोनपैकी एक बिट '०' करावा लागतो. हे प्रत्यक्षात कसं घडतं बघा.

२००९ मध्ये, मंदीच्या काळात, ऑरेगन राज्यातल्या रीड कॉलेजचा मदतीचा निधी संपत आला. निवड झालेल्या, पण मदत लागणाऱ्या शंभरहून अधिक विद्यार्थ्यांची नावं पत्रं पाठवण्याआधीच यादीतून काढली आणि त्या जागी फी भरू शकणारे घेतले. त्या शंभर जणांना आपलं नाव यादीत होतं हे कधी कळलंही नसेल.

२०१२ मध्ये वेस्लियन विद्यापीठाने जाहीरपणे सांगितलं, की यापुढे निधी पुरेल तिथपर्यंतच, म्हणजे साधारण ९० टक्के जागांपर्यंत, आम्ही पट्टी बांधू. उरलेल्या जागांना खिसा बघू. पण ज्याला घेऊ त्याची पूर्ण गरज भागवू आणि त्याच्यावर जादा कर्ज लादणार नाही. विद्यार्थ्यांनी जोरदार विरोध केला. बरोबर कोण? गरजू मुलांना घेऊन अर्धी मदत द्यायची, की थोड्या कमी गरजू मुलांना घेऊन पूर्ण मदत द्यायची? मी पूर्वी न विचार करता पहिल्या बाजूला मत दिलं असतं. ते दुसरं पान बघितल्यापासून तितकं सोपं वाटत नाही.

उलटं उदाहरणही आहे. ब्राऊन विद्यापीठात १९९२ मध्ये नीड-ब्लाइंड प्रवेशाच्या मागणीसाठी विद्यार्थ्यांनी प्रशासनाची इमारत ताब्यात घेतली आणि अडीचशेच्या आसपास विद्यार्थ्यांना अटक झाली. मागणी अमेरिकन विद्यार्थ्यांपुरती मान्य होऊन लागू झाली ती २००३ च्या बॅचपासून. आंदोलन करणारे तोवर केव्हाच पास होऊन नोकरीला लागले होते. फायदा झाला तो त्यांनी कधी न पाहिलेल्या ज्युनिअर्सचा.

फंडा क्रमांक ४ : खटला

या दोन आश्वासनांची गाठ एकदा कायद्यानेही बांधली होती. ती गोष्ट आपल्या शाखेच्या पंढरीची, म्हणजे एम.आय.टी.ची आहे.

१९५० च्या दशकापासून आयव्ही लीगची आठ विद्यापीठं आणि एम.आय.टी. दरवर्षी एकत्र बसत. एकाच विद्यार्थ्याला दोन-तीन ठिकाणी प्रवेश मिळालेला असेल तर त्याच्या घरचा वाटा सगळीकडे सारखा राहील असं ठरवत. मदत फक्त गरजेवर द्यायची, हुशारीची बोली लावायची नाही, हा करार. अमेरिकन सरकारला यात वास आला तो वेगळाच. व्यापाऱ्यांनी संगनमताने भाव ठरवावा तसं हे आहे, म्हणून १९९१ मध्ये सरकारने स्पर्धाविरोधी कायद्याखाली खटला भरला. आठही आयव्ही विद्यापीठांनी तडजोड केली. एम.आय.टी. एकटी लढली. तिचं म्हणणं असं, की आम्ही एकमेकांवर बोली लावायला लागलो तर पैसेवाल्या हुशार मुलांना ओढण्यात निधी संपेल आणि गरिबाच्या वाट्याला उरणार नाही.

१९९२ मध्ये खालच्या कोर्टात एम.आय.टी. हरली. १९९३ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, की यातला सामाजिक फायदाही तोलायला हवा, पुन्हा सुनावणी घ्या. वर्षअखेर तडजोड झाली. मग १९९४ मध्ये अमेरिकन संसदेने कायद्यात एक कलम घातलं, क्रमांक ५६८. जी कॉलेजं सगळ्या विद्यार्थ्यांना नीड-ब्लाइंड पद्धतीने घेतात, त्यांनाच मदतीची समान सूत्रं एकत्र बसून ठरवायची मुभा. म्हणजे पट्टी बांधा, तरच एकत्र बसा. ही सवलत ३० सप्टेंबर २०२२ ला संपली.

संपण्याआधीच, जानेवारी २०२२ मध्ये, काही माजी विद्यार्थ्यांनी या गटातल्या १६ नामवंत विद्यापीठांवर दावा ठोकला. नंतर त्यात आणखी एकाची भर पडली. आरोप असा, की तुमची पट्टी ढिली होती. देणगीदारांच्या मुलांना झुकतं माप मिळत होतं, वेटिंग लिस्टवर खिसा बघितला जात होता, मग ही सवलत तुम्हाला कशी? २०२४ पर्यंत दहा विद्यापीठांनी मिळून २८ कोटी ४० लाख डॉलर देऊन तडजोड केली. चूक मात्र कुणी कबूल केली नाही.

पट्टी ढिली असण्याचं आणखी एक उदाहरण आपल्या मासिकवाल्यांनी तर वाचायलाच हवं. वॉशिंग्टनमधलं जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठ वर्षानुवर्षं स्वतःला नीड-ब्लाइंड म्हणवत होतं. २०१३ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने, 'द जी.डब्ल्यू. हॅचेट'ने, छापलं की तसं नाही. शेवटच्या टप्प्यात जास्त मदत लागणाऱ्या मुलांना वेटिंग लिस्टवर सरकवलं जातं. विद्यापीठाला आपली पद्धत 'नीड-अवेअर' आहे हे मान्य करावं लागलं. हे उघडकीला आणलं ते विद्यार्थ्यांनी!

आणि पट्टी घट्ट असली तरी सगळं दिसेनासं होत नाही. अर्जावर शाळेचं नाव असतं, पत्ता असतं, आईवडिलांचा व्यवसाय असतो. घोडेस्वारी आणि नौकानयन येणारा मुलगा कुठल्या घरचा, ते कळायला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप देण्याची प्रथा बऱ्याच ठिकाणी आहे. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात अशी ३८ कॉलेजं निघाली, जिथे वरच्या १ टक्का श्रीमंत घरांतली मुलं खालच्या ६० टक्के घरांतल्या मुलांपेक्षा जास्त होती. त्यात नीड-ब्लाइंड म्हणवणारीही होती. खिसा न बघणं वेगळं आणि रिकाम्या खिशाच्या मुलाला शोधून आणणं वेगळं.

आपल्या घरी काय आहे?

दुसऱ्याच्या घरातलं बघून झालं, आता आपल्या. 'नीड-ब्लाइंड' हा शब्द आपण वापरत नाही, पण कॅपची मेरिट लिस्ट लागते तेव्हा वडिलांचं उत्पन्न मेरिट नंबरात मोजलं जात नाही. म्हणजे त्या बाबतीत पट्टी आहे. पण पहिला बिट '१' झाला म्हणून दुसराही होतो का?

आपल्याकडे हे फार स्पष्ट दिसलं होतं. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात खासगी व्यावसायिक कॉलेजांसाठी 'फ्री सीट' आणि 'पेमेंट सीट' अशी निम्मी-निम्मी विभागणी घालून दिली. आपल्यातल्या काहींच्या काका-मामांनी त्या काळात अ‍ॅडमिशन घेतली असेल, विचारून बघा. फ्री सीट मेरिटवर. पेमेंट सीटवाल्याची जास्त फी फ्री सीटवाल्याचा खर्च उचलणार. ऐकायला छान. पण फ्री सीट 'गरजे'वर नव्हती, गुणांवर होती. शहरातल्या चांगल्या शाळेचा आणि क्लासचा मुलगा वरचे गुण मिळवून फ्री सीट घेई, आणि गावाकडचा मुलगा चार गुण कमी पडले म्हणून पेमेंट सीटसाठी घरचं सोनं मोडी. म्हणजे गरिबाच्या पैशावर श्रीमंताचं शिक्षण! २००२ च्या टी.एम.ए. पै निकालाने ही योजना मोडीत निघाली, आणि या उलट्या परिणामाची नोंद न्यायालयानेही घेतली. इथे प्रवेशाला पट्टी होती आणि मदतीलाही पट्टी होती. मदतीने पट्टी बांधून चालत नाही, हा त्यातला धडा. निवड करताना गरज बघायची नाही, पण मदत देताना डोळे उघडे ठेवून फक्त गरजच बघायची.

पुढच्या योजना त्या दिशेने गेल्या. २०१६ मध्ये आय.आय.टी.ची ट्यूशन फी वर्षाला २ लाख झाली, तेव्हा १ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरांना पूर्ण आणि १ ते ५ लाखांच्या घरांना दोन-तृतीयांश माफी ठेवली. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना पूर्ण माफी. आपल्याकडे राजर्षी शाहू महाराज योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांना कॅपमधून घेतलेल्या प्रवेशावर निम्मी ट्यूशन फी मिळते. २०२४-२५ पासून त्याच मर्यादेतल्या ई.डब्ल्यू.एस., एस.ई.बी.सी. आणि ओ.बी.सी. मुलींना पूर्ण फी माफी झाली. चांगलंच आहे. पण वर आपण 'एकूण खर्च' म्हणून काय काय धरलं होतं ते आठवा. ट्यूशन फी म्हणजे एकूण खर्च नव्हे. मेसचं बिल, खोलीचं भाडं, ड्रॉइंगचं सामान, आणि शिष्यवृत्ती जमा व्हायच्या आधी कॉलेजला भरायचा हप्ता. आपल्या मजल्यावर किती जण मेसचं बिल उधार-उसनवारी करून भरतात, हे रेक्टर सरांनाही ठाऊक आहे. तोही 'गॅप'च आहे, फक्त रुपयांतला.

फॉर्म भरण्याआधी विचारायचे प्रश्न

व्हायवाला जाताना करतो तसं पाठ करा.

१. तुमचं कॉलेज नीड-ब्लाइंड आहे का? आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठीही आहे का?
२. प्रवेश दिलेल्या प्रत्येकाची पूर्ण गरज भागवता का? परदेशी विद्यार्थ्याचीसुद्धा?
३. मदतीत कर्ज किती?
४. ही मदत चारही वर्षं मिळते का? फी वाढली तर वाढते का?
५. पहिल्या वर्षी मदत मागितली नाही तर नंतर मागता येते का? (बऱ्याच कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्याला येत नाही. म्हणून 'आधी आत शिरू, मग बघू' हा आपला नेहमीचा उपाय इथे चालत नाही.)

आणि एक लक्षात ठेवा. कॉलेजने खिसा बघितला नाही तरी पुढे बघितला जातोच. व्हिसासाठी लागणारा आय-२० फॉर्म मिळवायला पहिल्या वर्षाचे पैसे कुठून येणार हे कागदावर दाखवावं लागतं.

आता एम.एस.वाल्यांसाठी. जी.आर.ई. देणारे पुष्कळ सीनिअर्स विचारतात, अमुक विद्यापीठ नीड-ब्लाइंड आहे ना? भावांनो, ही सगळी भानगड मुख्यतः पदवीच्या प्रवेशाची. एम.एस.ला गरजेवर मदत क्वचितच असते. तिथे टी.ए., आर.ए. किंवा फेलोशिप, आणि ती देणार डिपार्टमेंट किंवा प्राध्यापक, तुमचं काम बघून. पीएच.डी.ला बहुधा खर्च निघतो, एम.एस.ला बहुधा निघत नाही. तेव्हा प्रवेशाचं पत्र आणि पैशाचं पत्र ही दोन वेगळी पत्रं आहेत, हे इथेही तितकंच खरं.

तशी ही गोष्ट नवीन नाहीच. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, तेव्हा प्रवेश न्यूयॉर्कच्या विद्यापीठाचा होता, पण महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिली होती. दोन्ही जुळले म्हणून ते शिकू शकले.

शेवटी

रूममेटच्या बहिणीने ती सी.ई.टी. दिली. हवे होते त्याहून कमी पर्सेंटाइल आले. आज ती आपल्याच राज्यातल्या एका कॉलेजात फर्स्ट इयरला आहे, फी माफीत बसली आहे आणि गणितात अजूनही तितकीच तयार आहे. माझ्यावर तिचा राग नाही. त्यामुळे मला जास्तच लागतं.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो होतो. दुकानात बाबा एकटेच होते. मी म्हटलं, "काका, तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर आता देतो. प्रवेश देणाऱ्यांनी घेतलं होतं. पैसे देणाऱ्यांनी नाही घेतलं. आणि हे दोघं वेगळे असतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं."

त्यांनी तराजूतली साखर पुडीत ओतली, दोरा गुंडाळला आणि म्हणाले, "आता ठाऊक झालंय ना? मग पुढच्याला नीट सांग."

म्हणून हा लेख.